लॅब कुणामुळे बंद पडते

३ फेब्रुवारी, सोमवार

लॅब पुन्हा बंद! भर दुपारी, वॉर्डातल्या झाडून सगळ्या डॉक्टरांना रिपोर्ट हवे असतात नेमकं तेव्हा. पंधरा-वीस मिनिटं सगळं ठप्प, मग आपोआप चालू. लॅबच्या डॉक्टरीणबाई जिन्यातूनच ओरडत आल्या — "तुमच्या खात्यात कुणी जिवंत आहे का?" आणि आमच्या ताई, शांतपणे ओढणीने चष्मा पुसत — "माझं नेटवर्क चालू आहे. सर्व्हर बघा."

सर्व्हर बघा! दर वेळी तेच तुणतुणं. या हॉस्पिटलातले सर्व्हर माझे, नेटवर्क त्यांचं. मी गेली आठ वर्षं माझे सर्व्हर पोटच्या पोरासारखे सांभाळते. त्यांचा लॅबमधला स्विच मात्र कपाटात धूळ खात पडलाय. (ज्या डब्यात सगळ्या केबल येऊन मिळतात त्याला स्विच म्हणतात, हे मी साहेबांना आजवर किती वेळा सांगितलं! अजून ते विचारतात, "म्हणजे दिव्याचा?") नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

संध्याकाळी साहेबांनी दोघींना बोलावलं. टाय सैल केला. म्हणजे आता काहीतरी वाईट बोलणार. "एप्रिलपासून सर्व्हर आणि नेटवर्क, दोन्हीला मिळून एकच माणूस राहील. वरून आदेश आहे. लॅब तुमच्यापैकी जिच्यामुळे बंद पडते तिला जावं लागेल. कोण ते महिन्याभरात मला सांगा."

जणू वर्गात खोडरबर कुणी चोरलं ते विचारताहेत! ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. मग दोघी एकाच रिक्षात बसून एकाच घरी आलो, कारण ही बाई ऑफिसात माझी सहकारी आणि घरात माझी सख्खी नणंद. मागच्या जन्मी मी काय पाप केलं होतं, देव जाणे.

४ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

"अरे, तुझी बायको नाहीतर तुझी बहीण, दोघींतली एक घरी बसणार आहे. कळतंय का?"

"बघा ना तुम्हीच दोघी मिळून."

मिळून! आम्ही दोघींनी मिळून आजवर फक्त एक गोष्ट केलीये. या माणसाला डोक्यावर चढवून ठेवलंय.

ताई नवऱ्याला सोडून आल्या त्याला पाच वर्षं झाली. आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "दोन महिने राहते." त्यांची आणि त्यांच्या लेकीची सोय आमच्या मागच्या खोलीत. माझं शिवणाचं मशीन तेव्हापासून गॅलरीत गंजतंय. मी कधी बोलले नाही. आता मात्र बोलेन असं वाटतंय.

लेकीची गोष्ट वेगळी. ती रोज सकाळी कंगवा घेऊन माझ्यापुढे येऊन बसते — "मामी, तू घाल ना वेणी, आई ओढते." ती माझीच आहे असं मी मनात धरून चालते. हे इथे लिहिलं, इतर कुठे म्हणणार नाही.

६ फेब्रुवारी

एक विक्रेता आला होता. बूट एवढे चकचकीत की त्यात तोंड दिसावं. त्याच्याकडे म्हणे असं सॉफ्टवेअर आहे की ते सगळ्या यंत्रांवर दिवसरात्र नजर ठेवतं, कुठलं यंत्र कधी पडलं ते सेकंदात सांगतं. साहेबांचे डोळे लकाकले. किंमत ऐकली आणि विझले.

मी म्हटलं, "साहेब, हेच काम करणारं फुकट सॉफ्टवेअर आहे. जगभरातले लोक मिळून लिहितात, कुणीही घ्यावं, उघडून बघावं, बदलावं. मी लावून देते."

"फुकट? मग त्यात काहीतरी खोट असणार."

विक्रेता गालात हसला. मला असा राग आला! म्हटलं, "साहेब, ज्या इंटरनेटवर तुम्ही क्रिकेट बघता ते निम्मं याच फुकट सॉफ्टवेअरवर चालतं." साहेब म्हणाले, "बरं, लावा. पण एक नवीन पैसा मिळणार नाही." बिलिंगच्या खिडकीतला भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर मिळाला. कीबोर्डावरची तीन बटणं चिकट आहेत, कुणीतरी त्यावर सरबत सांडलंय. चालेल. मला पुरावा हवाय, शोभा नको.

ताई दारात उभ्या राहून बघत होत्या. "काय करतेयस?"

"लॅब कुणामुळे बंद पडते ते शोधतेय."

"मग तुझ्या सर्व्हरपासून सुरुवात कर," म्हणाल्या आणि गेल्या. चोराच्या उलट्या बोंबा!

८ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टीच्या दिवशी जाऊन बसले. सूचनांचं पान उघडलं. पहिलीच ओळ — "हे बसवणं अतिशय सोपं आहे." जो माणूस असं लिहितो त्याला माझ्यासमोर आणून बसवा! एक बसवलं की म्हणतं, आधी दुसरं हवं. दुसरं बसवलं की म्हणतं, हे फार नवीन आहे, जुनं हवं. जुनं शोधलं, तर ते बनवणाऱ्यानेच सोडून दिलेलं. इंटरनेटवरच्या एका मंचावर माझ्यासारख्याच कुणीतरी हाच प्रश्न विचारलेला दिसला. जीव भांड्यात पडला. खाली त्याचंच उत्तर — "सुटलं, धन्यवाद." कसं सुटलं? सांग की मेल्या!

शेवटी एक महिरपी कंस राहिला होता. एका कंसासाठी अख्खा दिवस. घरी आले तर नवरा म्हणतो, "सुट्टीचं कशाला जातेस, कुणी जास्तीचे देणार आहे का?"

१० फेब्रुवारी

चालू झालं! पडद्यावर माझी यंत्रं एकाखाली एक हिरवी उभी राहिली. यंत्र जागं असेल तर हिरवं, मेलं तर लाल. दर मिनिटाला हे सॉफ्टवेअर प्रत्येकाला हाक मारतं, ओ आली की पुढे. एवढंच. पण एवढंच आजवर या इमारतीत कुणाला सुचलं नव्हतं.

नुसत्या हाकेने भागत नाही. स्विचला नीट विचारता आलं पाहिजे — तुझ्या कुठल्या दारातून किती माल येतोय, किती जातोय. त्यासाठी स्विचचा पासवर्ड लागतो, आणि पासवर्ड ताईंकडे.

"लेखी माग," म्हणाल्या.

एका स्वयंपाकघरात दोघी उभ्या, त्यांच्या हातात कणीक, माझ्या हातात भाजीची कढई, आणि म्हणतात लेखी माग! मागणार नाही. मेले तरी मागणार नाही.

१२ फेब्रुवारी

जेवताना मीठ मागितलं, मीठ दिलं. पासवर्ड नाही.

१३ फेब्रुवारी

पासवर्डवाचून अडतंय होय? स्विचला नुसती हाक मारता येते. ओ दिली तर जिवंत, नाही दिली तर मेला. माझं काम तेवढ्यावर होतं.

आज सॉफ्टवेअरला वंशावळ सांगितली. म्हणजे कोण कुणाच्या मागे आहे ते. लॅबचा सर्व्हर लॅबच्या खोलीतच बसवलाय, स्विचच्या शेजारी, म्हणून त्याच्यापर्यंत जायची वाट स्विचमधूनच. तेव्हा स्विचला पालक केलं आणि सर्व्हरला त्याचं मूल. फायदा असा की पालक मेला की सॉफ्टवेअर मुलाच्या नावाने बोंब मारत नाही. मुलाला राखाडी दाखवतं, 'पोहोचता येत नाही' म्हणतं आणि लाल फक्त पालकाला करतं. नाहीतर एक स्विच पडला की त्याच्या मागची तीस यंत्रं एकदम लाल व्हायची आणि साहेबांना झीट यायची.

बाकी सगळ्या सर्व्हरवर आतून बघणारा छोटा प्रोग्रॅमही बसवला. किती तापलाय, किती भरलाय, सगळं सांगतो. लॅबच्या सर्व्हरवर नाही बसवला. जुना आहे, जरा हात लावला की डॉक्टरीणबाई अंगावर येतात. आणि तो माझा आहे. त्याची नाडी मला न बघता कळते.

१७ फेब्रुवारी

साहेबांनी हट्ट धरला — इशाऱ्याचे सगळे मेसेज त्यांच्या मोबाइलवरही आले पाहिजेत. म्हटलं, "साहेब, सगळे नको, तुम्हाला त्रास होईल." "मी प्रमुख आहे ना?" आहात बाबा!

दिले जोडून. बाह्यरुग्ण विभागातल्या प्रिंटरमधला कागद संपला. मेसेज. कागद घातला. मेसेज. पुन्हा अडकला. मेसेज. साहेब मोठ्या डॉक्टरांच्या बैठकीत होते आणि त्यांचा फोन टेबलावर बेडकासारखा उड्या मारत होता म्हणे. दुपारी स्वतः आले. "हे जरा कमी करता येईल का?" ताई तिकडे वळून हसल्या. मलाही हसू आलं, पण त्या हसल्यामुळे मी आवरलं.

१९ फेब्रुवारी

आता नवं खूळ. साहेबांनी एक भला मोठा टीव्ही आणून तो हिरवा पडदा तळमजल्याच्या व्हरांड्यात टांगलाय! "लोकांना कळलं पाहिजे आपण किती आधुनिक आहोत." कशाचे लोक आणि कशाचं काय! रुग्णांचे नातेवाईक त्याच्यापुढे माना वर करून उभे. त्यांना वाटतं त्यावर नंबर लागतात. एक आजोबा अर्धा तास उभे होते. मला म्हणाले, "ताई, आमचा एकशे चौदा आहे, तो हिरवा कधी होणार?" मी त्यांना हात धरून खिडकीपाशी नेलं. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, ती आमच्या साहेबांपुढे कुणीतरी वाचली असणार.

आठवडाभर मात्र लॅब एकदाही पडली नाही. मुद्दाम! मेले, पड की एकदा.

२० फेब्रुवारी

पडली!!

मी समोरच बसले होते. घास हातातच राहिला. लॅबचा स्विच — लाल. माझा सर्व्हर — राखाडी. तीच पंधरा-वीस मिनिटं, मग दोन्ही हिरवे. साहेबांना खेचत आणलं. म्हटलं, "बघा. डोळ्यांनी बघा. मेलं कोण? स्विच. सर्व्हरपर्यंत पोहोचताच येत नव्हतं, कारण वाटेत स्विच मरून पडला होता."

साहेब आजोबांसारखेच मान वर करून बघत राहिले. "म्हणजे लाल म्हणजे...?"

"लाल म्हणजे नेटवर्क, साहेब."

आठ वर्षं! आठ वर्षं "सर्व्हर बघा, सर्व्हर बघा" ऐकलं. आज या भंगारातल्या डब्याने माझी बाजू घेतली. घरी येताना पेढे घ्यावेसे वाटले, पण द्यायचे कुणाला? म्हणून नाही घेतले.

२१ फेब्रुवारी

ताई सकाळीच माझ्या टेबलाशी. ती वंशावळ उघडून बघितली. वाचता येतं त्यांना, तेवढं मान्य.

"हे काय केलंयस? माझ्या स्विचला तुझ्या सर्व्हरचा बाप केलंस. आता पोरगं काही का करेना, शिव्या बापालाच."

"वाट तिथूनच जाते ताई. मी काय मनाने नाही लिहिलं."

"वाट तिथूनच जाते, बरोबर. पण बाप का आडवा झाला, ते विचारलंस का? माझा स्विच मरत नाहीये गं, गुदमरतोय. त्याच्यावर कुणीतरी काहीतरी ओततंय." आणि चष्मा डोक्यावर सरकवून पासवर्ड सांगितला! न मागता! "घे. त्याच्या एकेका दाराचा आलेख लाव. मग दिसेल कुठून येतंय ते."

आता? आता देताय? गळ्याशी आल्यावर? रडीचा डाव खडी! त्यांना स्वतःला का नाही लावता आला आलेख इतकी वर्षं? म्हणे त्यांच्याकडे तशी सोय नव्हती. सोय मी केली, आठवडाभर राबले, आणि ह्या आयत्या बिळावर नागोबा.

नाही लावला. पुरावा हातात असताना मी त्यांच्या सांगण्यावरून कशाला पुन्हा शोधायला जाऊ?

२५ फेब्रुवारी

पुन्हा पडली. पुन्हा तसंच. स्विच लाल, सर्व्हर राखाडी. मागच्या वेळसारखंच पडद्याचं चित्र काढून ठेवलं.

नवऱ्याला दाखवलं. "हे लाल म्हणजे ताई?" म्हणाला. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "ती कुठे जाईल?"

मी कुठे जाईन, हे नाही विचारलं. लक्षात ठेवलंय मी.

२७ फेब्रुवारी

बैठक. साहेब, डॉक्टरीणबाई, आम्ही दोघी. मी दोन्ही चित्रं भिंतीवर दाखवली. फार बोलायची गरज पडली नाही, रंगच बोलत होते.

ताईंनी एकच मागणी केली. "मला एक दुपार द्या. लॅबच्या सर्व्हरची केबल स्विचमधून काढून ठेवू. तरीही स्विच पडला, तर मी स्वतः राजीनामा देते. नाही पडला, तर दोष कुणाचा ते आपोआप कळेल."

डॉक्टरीणबाई जागेवरून उठल्याच. "एक दुपार लॅब बंद? पेशंटना काय सांगू?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तुमचं काय म्हणणं?"

चालू हॉस्पिटलात चालता सर्व्हर तोडायचा, तोही मरणारा स्विच वाचवायला! मी म्हटलं, "साहेब, कशासाठी? जे दिसतंय ते दिसतंय." शिवाय ही केबल काढायची गोष्ट रविवारीही करता आली असती, लॅब रिकामी असताना. मला ते तिथेच सुचलं होतं. पण मी का सुचवू? त्यांची वकिली मी का करू?

साहेबांनी टाय सैल केला.

२८ फेब्रुवारी

मी राहिले. ताई जाणार. नेटवर्कही आता माझ्याकडे. लॅबला नवा, महागडा स्विच येणार. विक्रेत्याचे चकचकीत बूट पुन्हा दिसले.

नवरा म्हणाला, "झालं समाधान?"

झालं! का होऊ नये?

३ मार्च

ताई रडतील असं वाटलं होतं. रडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला समजूत घालता आली असती. त्यांनी तीन दिवसांत दुसऱ्या शहरात नोकरी शोधली. रेल्वेने अख्खा एक दिवस लागतो तिथे जायला. तिथे कुणी ओळखीचं नाही, घर मिळेपर्यंत एका वसतिगृहात राहणार म्हणे. लेकीची शाळा ऐन परीक्षेच्या तोंडावर बदलणार.

सासूबाई असत्या तर माझी काय गत झाली असती! नाहीत, ते एक बरं.

"परीक्षेपर्यंत तिला इथे ठेवा," मी म्हटलं. "मी बघेन तिचं."

"नको," म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तू खूप बघितलंस."

याचा अर्थ काय लावायचा? टोमणाच असणार. टोमण्याशिवाय या बाईला बोलता येतं का!

५ मार्च

लेक वेणी घालायला आली नाही आज. कंगवा स्वतःच फिरवला, भांग वाकडा. मी म्हटलं, "ये इकडे." म्हणाली, "राहू दे मामी, सवय करायला हवी."

एवढंसं पोर. कुठून शिकतात ही असलं बोलायला?

६ मार्च

ताईंनी मला त्यांचं काम समजावून दिलं. मला वाटलं होतं दोन वाक्यांत उरकतील, कागद फेकतील, शोधत बस म्हणतील. मी तसंच केलं असतं. पण नाही. मला मजल्यामजल्यावर नेलं. प्रत्येक कपाट उघडलं. धूळ होती, ती खरी, पण आत एकेक केबल बांधलेली, प्रत्येकीला चिठ्ठी. कुठली छतातून जाते, कुठल्या भिंतीत उंदीर लागतात, कुठे शिडी लागते. क्ष-किरणाच्या खोलीमागे एक दार आहे, ते मला आठ वर्षांत माहीत नव्हतं.

लॅबच्या कपाटापाशी थांबल्या. "नवा स्विच जुन्यासारखा आडवा होणार नाही. एखादं दार फार ओतायला लागलं की तो तेवढंच दार बंद करतो, बाकीच्यांना वाचवतो." जुन्या स्विचच्या पाठीवर हात ठेवला, गुरावर ठेवतात तसा. मग मला म्हणाल्या, "आता तरी आलेख लाव."

"लावते," म्हटलं. लावेन. आता माझंच आहे ते. माझ्या कामात मी कधी हयगय केली नाही, हे तर त्याही म्हणतील.

८ मार्च

सामान बांधून झालं. दोन बॅगा, एक कुकर, पुस्तकांचं खोकं. पाच वर्षांत एवढंच? मला वाटायचं त्यांनी अर्ध्याहून जास्त घर अडवलंय.

१० मार्च, सोमवार

गेल्या. नवरा स्टेशनवर पोहोचवायला गेला. मी ऑफिसचं निमित्त केलं. निघताना ताई म्हणाल्या, "त्याला साखर कमी खायला सांग, डॉक्टरांनी सांगितलंय. तुझं ऐकतो." भावाची काळजी मला सोपवून गेल्या, बाकी एक शब्द नाही. भाची गळ्यात पडली, आणि मग सुटल्यावर मागे बघितलं नाही.

मागची खोली रिकामी. शिवणाचं मशीन आत आणायला सांगणार होते, पण नाही सांगितलं. दार लावून घेतलं आणि मोरीत नळ सोडून रडले. कबूल आहे. जिंकलेल्या माणसाला रडू का येतं, ते मला विचारू नका. आणि इथे विचारणार तरी कोण?

११ मार्च

नवरा बोलत नाही. टीव्हीही लावत नाही. टीव्ही तरी लाव म्हटलं.

१२ मार्च

नवा स्विच बसला. चकचकीत बूट स्वतः आले होते, एक स्क्रू त्यांना फिरवता आला नाही, मी फिरवला. साहेबांनी रिबीन कापायची तेवढी बाकी ठेवली. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसून बोलल्या — "आता सुटलो बाई आम्ही."

मी सॉफ्टवेअरला नवा स्विच सांगितला. पासवर्ड घातला. एकेका दाराचा आलेख लावला, सगळा, नीट. कुणाच्या सांगण्यावरून नाही. करायचंच होतं.

व्हरांड्यातला पडदा हिरवागार. आता कुणी काय बोलेल!

१४ मार्च, शुक्रवार

दुपारी लॅब बंद पडली. नवा स्विच हिरवा. बाकी सगळं हिरवं. लाल एकटा माझा सर्व्हर. आलेख बघितला. त्याच्याच दारातून नुसता कचरा ओतला जात होता, आलेखाची रेघ वरच्या टोकाला टेकेपर्यंत, आणि स्विचने तेवढंच दार बंद केलं होतं. साहेब धावत आले, "आता काय झालं? आता कुणामुळे?"

मी म्हटलं, "नेटवर्क."